गोठलेल्या मातीवर घाव कसा बसतो, ते बेळगावात बसून कसं तपासायचं

मागच्या जानेवारीत धाकट्या भावाचा लडाखवरून फोन आला, रेंज येत-जात होती, आणि मिळालेल्या दोन मिनिटांत घरची खुशाली झाल्या झाल्या त्याने विचारलं, "दादा, तू मातीच्या लॅबमध्ये हाईस न्हवं, मग सांग की, इथं पहार मारली की जमीन पहारच उलटी उडवतीया, हात कोपरापर्यंत झिणझिणतोय, आणि त्याच जमिनीवर जड पेटी ठेवली की थोड्या दिवसांत तिचे पाय आत रुतालेत, हे कसं काय?" मी सांगायला सुरुवात केली तोवर फोन कट.

मी बरीच वर्षं माती तपासतोय, प्रॉक्टर (ठोकून माती किती घट्ट बसते), सीबीआर (रस्त्याखालची माती किती भार पेलते), काळ्या मातीची फुगण्याची टेस्ट हे सगळं रोजचं, पण गोठलेली माती कधी हातात धरली नव्हती. धरणार तरी कुठून, बेळगावात पौषात कितीही गारठा पडू दे, शेकोट्या पेटतात, स्वेटर निघतात, जमीन काही गोठत नाही. तरी हा विषय आपला नाही असं मला म्हणवेना, कारण गावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे, पहाटे कॅम्पात पळणारी पोरं बघत आपण मोठे झालोय, आणि खानापूर, निपाणी, पलीकडचं चंदगड, या पट्ट्यात दर दोन-चार घरांआड एखादा माणूस वर बर्फात असतोच. म्हणून दोन महिने डीप फ्रीजर, रॅमर (माती ठोकायचं, ठरलेल्या उंचीवरून पडणारं वजन) आणि चार प्रकारच्या माती घेऊन बसलो. त्यातून जी पद्धत जमली ती लिहितोय, डिप्लोमा-बीईच्या पोरांना प्रोजेक्टला होईल, आणि ज्यांच्या घरचा माणूस वर आहे त्यांनाही कळेल की तिथं खड्डा खणणं म्हणजे काय.

सुरुवातीला एवढं समजून घ्या की गोठलेल्या मातीत चार गोष्टी एकत्र असतात, मातीचे कण, त्यांना धरून ठेवणारा बर्फ, थोडी हवा, आणि चौथी जी सगळे विसरतात ती म्हणजे न गोठलेलं पाणी. शून्याखाली गेलं की सगळं पाणी बर्फ झालं असं होत नाही, कणाला चिकटलेला पाण्याचा पातळ थर ओलाच राहतो. वाळूत हा थर नगण्य, पण काळ्या चिकणमातीत भरपूर, कारण तिचे कण इतके बारीक की सगळ्यांचा पृष्ठभाग मिळून प्रचंड होतो. त्यामुळे मायनस ५ ला वाळू टणक झालेली असते आणि काळी माती त्याच तापमानाला अजून थोडी दबते. घाव बसल्यावर काय होणार हे या चार गोष्टींचं प्रमाण, तापमान, आणि घाव किती झटक्यात बसला यावर ठरतं. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, त्याच्याकडे येतोच.

आता सामान. माती तीन प्रकारची घ्या, नदीची धुतलेली वाळू, बैलहोंगल किंवा अथणी बाजूची काळी माती, आणि खानापूर बाजूची तांबडी. खानापूरच्या चिकणमातीची कौलं आणि मडकी आपल्याला माहीतच आहेत, खादी ग्रामोद्योगची कुंभारकामाची संस्थाही तिथंच आहे, तीच माती चाळून घेतली तरी चालते. जमलं तर कृष्णाकाठच्या ऊस पट्ट्यातली खारवट माती मूठभर आणा, तिची गंमत पुढे सांगतो. साच्याला लॅबमधला ३८ मिलिमीटर व्यासाचा, ७६ मिलिमीटर उंचीचा स्प्लिट मोल्ड, म्हणजे दोन भागांत उघडणारा साचा, मिळाला तर उत्तम, नाहीतर दीड इंची पीव्हीसी पाइपचे तेवढेच तुकडे करा आणि प्रत्येकाला हॅकसॉने एका बाजूने उभी चीर पाडून होज क्लिपने आवळा. चीर का, तर पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. मी पहिल्या वेळी अखंड पाइप घेतला होता, दोन्ही टोपणं घट्ट, पाणी काठोकाठ, आणि सकाळी फ्रीजर उघडला तर पाइप उभा फाटलेला, काळी माती फटीतून जिभेसारखी बाहेर आलेली. आठवड्याची तयारी गेली.

घाव घालायला लाइट प्रॉक्टरचा रॅमर घ्या, २.६ किलोचा, ३१० मिलिमीटरवरून पडणारा. कुठल्याही रोडच्या साइटवर क्वालिटीवाल्यांच्या खोलीत हा असतो, नीट विचारलं तर रविवारी देतात. हाच का, तर याचं वजन आणि उंची ठरलेली आहे, त्यामुळे प्रत्येक घाव सारखा, दर घावाला साधारण ८ ज्यूल ऊर्जा, आणि तुमचे आकडे दुसऱ्याच्या आकड्यांशी ताडून बघता येतात. हातोडीने मारून 'जोरात मारलं', 'हळू मारलं' असं लिहून काही हाती लागत नाही. याशिवाय के टाइप प्रोब (तापमान मोजायची तार) लागणारा मल्टीमीटर, व्हर्निअर, ग्रॅममध्ये मोजणारा काटा, थर्माकोलचा डबा, ४.७५ मिलिमीटरची चाळणी, आणि डोळ्यांना गॉगल. गॉगल नसेल तर हे काम करू नका. बर्फाची कपची काचेसारखी उडते, माझ्या गालावर एक बसली, दोन इंच वर बसली असती तर डोळा गेला असता.

नमुना करताना अंदाजपंचे पाणी घालू नका, हिशोब सोपा आहे. साच्यात साधारण ८६ घन सेंटिमीटर जागा असते. वाळू १.७ च्या घनतेला (घन सेंटिमीटरला १.७ ग्रॅम) बसवायची तर कोरडी वाळू १४७ ग्रॅम लागते, आणि तिच्या सगळ्या पोकळ्या भरायला ३१ ग्रॅम पाणी. पण आपण २६ ग्रॅमच घालायचं, म्हणजे पोकळीचा १५ टक्के भाग रिकामा राहतो आणि फुगणाऱ्या बर्फाला जागा मिळते. काळ्या मातीला १.३५ ची घनता धरली तर ११६ ग्रॅम माती आणि ३६ ग्रॅम पाणी. काळी माती कालवली की लगेच भरू नका, पिशवीत बांधून रात्रभर मुरू द्या, पोळ्यांची कणीक मुरवतो तसं, नाहीतर आत कोरड्या गाठी राहतात आणि नमुना तिथंच फुटतो. प्रत्येक मातीचे निदान सहा नमुने करा, आणि एक सातवा डमी, ज्याच्या मध्यभागी प्रोब खुपसून ठेवायचा. त्या डमीवर घाव घालायचा नाही, बाकी सगळ्यांचं आतलं तापमान तोच सांगणार.

आणि हो, एक नमुना पूर्ण कोरड्या वाळूचा करा. हा फुकटचा धडा आहे. मायनस १८ ला दोन दिवस ठेवून साचा उघडला तरी वाळू सुळकन सांडते, कारण थंडीने माती घट्ट होत नाही, बर्फाने होते. पाणी वाढवत गेलं तशी ताकद वाढते, पोकळ्या जवळपास भरेपर्यंत, आणि त्यापुढे पाणी इतकं झालं की कण एकमेकांपासून सुटून बर्फात तरंगू लागतात, तेव्हा ती परत उतरून नुसत्या बर्फाच्या ताकदीकडे जाते.

गोठवायला घरचा फ्रीज नको, त्याचं दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं. मी ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याकडे डीप फ्रीजरचा एक कोपरा मागितला, मायनस १८ च्या आसपास टिकतो. साचे प्लास्टिकमध्ये गुंडाळा, नाहीतर फ्रीजरमधली कोरडी हवा बर्फ थेट उडवून नेते आणि वरचा थर भुसभुशीत होतो. नमुना भरला की सरळ थंडात ठेवा, रेंगाळू नका. हळूहळू आणि एकाच बाजूने गोठवलं तर पाणी गोठणाऱ्या थराकडे ओढलं जातं आणि आत बर्फाचे पापुद्रे तयार होतात, काळ्या मातीत तर स्पष्ट दिसतात, पांढऱ्या रेषा, आणि घाव बसला की माती त्याच रेषेवर उघडते. वर डोंगरात खरं असंच होतं, पण आपल्याला आधी साधा, एकसारखा नमुना समजून घ्यायचाय. निदान २४ तास ठेवा. मध्ये करंट जाऊन डमी शून्याच्या वर गेला असेल तर ती सगळी बॅच बाजूला काढा, एकदा वितळून परत गोठलेली माती वेगळी वागते.

आता घाव. खाली जाड लोखंडी प्लेट, प्लेटखाली काँक्रीट. शहाबादी फरशीवर करू नका, अर्धा घाव फरशीच खाते आणि शेवटी तीच फुटते. पेंटच्या रिकाम्या बादलीचा तळ कापून ती भोवती ठेवा, तुकडे त्यातच राहतात, ते नंतर तोलायचे आहेत. नमुना फ्रीजरमधून थर्माकोलच्या डब्यात, डब्यातून प्लेटवर, आणि प्लेटवर ठेवल्यापासून अर्ध्या मिनिटात पहिला घाव बसला पाहिजे. आपल्या हवेत यापेक्षा उशीर केला की वरचा थर घामेजतो, रॅमर आणि माती यांच्यात पाण्याचा थर येतो, तो घाव मऊ करतो आणि तुम्हाला वाटतं मातीच मऊ आहे. माझे पहिल्या आठवड्याचे सगळे आकडे यानेच वाया गेले. प्लेट आणि रॅमरचा तळसुद्धा आधी तासभर फ्रीजरमध्ये ठेवून थंड करा, हातमोजे घाला.

प्रत्येक घावानंतर तीन गोष्टी बघा. उंची किती घटली, व्हर्निअरने. पहिली भेग कितव्या घावाला आणि कुठून. आणि रॅमर किती उसळला, त्यासाठी मागे पट्टी लावून मोबाइलवर स्लो मोशन घ्या. प्रत्यक्ष टक्कर मोबाइलला दिसत नाही, २४० फ्रेमला दोन फ्रेममध्ये चार मिलिसेकंद जातात, तेवढ्यात खेळ झालेला असतो, पण उसळी मात्र बरोबर मोजता येते. पडलेल्या उंचीतून उसळीची उंची वजा केली की मातीने आणि प्लेटने मिळून किती ऊर्जा खाल्ली ते निघतं. शेवटी तुकडे चाळा आणि तोला, बारीक चुरा किती, मोठे तुकडे किती.

वाळूचा मायनस १८ चा नमुना आधी घ्या, आवाजच सांगेल. टण् असा वाजतो, रॅमर उसळतो, उंची जवळजवळ घटतच नाही, आणि मग एक-दोन घावांत एकदम उभा फुटून बादलीभर उधळतो. आता दुसरा तसाच नमुना डमीसोबत थर्माकोलच्या डब्यात झाकून ठेवा आणि डमी मायनस २ दाखवेपर्यंत थांबा. तोच रॅमर, तीच उंची, पण आवाज थड् असा बसका, उसळी नाही, नमुना पिंपासारखा पोटात फुगतो आणि चेपतो. फरक फक्त १६ अंशांचा. थंडी वाढली की बर्फ घट्ट होतो आणि न गोठलेलं पाणी कमी होतं, दोन्ही एकाच दिशेने. शून्याच्या जवळ अजून एक गोष्ट घडते, बर्फावर दाब आला की त्याचा वितळण्याचा बिंदू उतरतो, साधारण १३.५ मेगापास्कलला एक अंश. हा आकडा मोठा वाटतो खरा, पण कणाला कण जिथं टेकतो तिथं टिचभर जागेवर दाब कितीतरी पटीने जास्त असतो, म्हणून मायनस एक-दोनला घावाखाली तेवढ्यापुरता बर्फ वितळून कण घसरू शकतात. मायनस १८ ला ही सूट मिळत नाही. काळी माती मायनस १८ लासुद्धा वाळूइतकी चुरा होत नाही, आधी थोडी दबते, मग ढेकळं पडतात. आणि ती खारवट माती, तिच्यातल्या मिठाने गोठण्याचा बिंदूच खाली नेलेला असतो, त्यामुळे मायनस ५ ला बाकीच्या माती टणक झालेल्या असताना ती अजून मऊसर, बोटाने जरा दाबून बघा, लगेच कळतं.

आता भावाच्या प्रश्नाकडे. रॅमर खाली टेकताना त्याचा वेग साधारण सेकंदाला अडीच मीटर असतो. ७६ मिलिमीटरच्या नमुन्यावर तो बसला म्हणजे स्ट्रेन रेट, म्हणजे उंचीच्या प्रमाणात दबण्याचा वेग, सेकंदाला ३० च्या वर गेला. हाच नमुना आपल्या लॅबच्या मशीनवर मिनिटाला सव्वा मिलिमीटरने दाबला तर तो आकडा ०.०००३ पेक्षाही कमी. म्हणजे वेगात लाखापेक्षा जास्त पटीचा फरक. हळू दाबलं तर बर्फाला सरकायला वेळ मिळतो, हो, बर्फ सरकतो, हिमनदी वाहते ती तशीच, न गोठलेलं पाणी बाजूला जातं, कण वळून जागा करून घेतात, आणि माती न फुटता खाली बसत जाते. पेटीचे पाय रुततात त्यात दुपारच्या उन्हाचाही हात असेल, पण मोठं कारण हे हळूहळू सरकणं. झटक्यात मारलं तर यातलं काहीच व्हायला वेळ नसतो. बर्फ काचेसारखा ठिसूळ वागतो, कणांना बाजूला व्हायला फुरसत नसते, म्हणून तीच माती जास्त ताकद दाखवते आणि ताकद संपली की एकदम तडकते. तापमान न सांगता आणि वेग न सांगता "गोठलेल्या मातीची ताकद इतकी" असं कोणी म्हणालं तर त्या आकड्याला अर्थ नाही, मग तो कितीही मोठ्या मशीनवर काढलेला असू दे.

याहून जास्त वेगाला रॅमर पुरत नाही. स्फोट, तोफगोळा, असल्या घावांसाठी हॉपकिन्सन बार वापरतात. बर्ट्राम हॉपकिन्सन यांनी १९१४ साली गोळीचा आणि स्फोटाचा दाब मोजायला लोखंडी दांडा वापरला, आणि १९४९ साली हर्बर्ट कोल्स्की यांनी तो दोन भागांत करून मध्ये नमुना ठेवायची सोय केली. एका दांड्याच्या टोकावर छोटा दांडा येऊन आदळतो, लोखंडात दाबाची लहर सेकंदाला सुमारे ५ किलोमीटरने धावते, नमुन्यापाशी येऊन थोडी परत फिरते, थोडी पलीकडे जाते, आणि दोन्ही दांड्यांवर चिकटवलेले स्ट्रेन गेज (दांडा किती दबला-ताणला ते मोजणाऱ्या पट्ट्या) ते टिपून घेतात. आदळणारा दांडा ४० सेंटिमीटरचा असेल तर सगळा घाव सेकंदाच्या सुमारे १६० दशलक्षांश भागात संपतो. गोठलेल्या मातीवर हे कशाला, तर खाणीची विहीर खणताना पाणी भरलेली जमीन मुद्दाम गोठवायची पद्धत आहे, जर्मनीत पोएट्श यांनी १८८३ साली तिचं पेटंट घेतलं, आणि त्या गोठलेल्या जमिनीत सुरुंग लावायचा तर ती कशी फुटते हे आधी माहीत हवं, नाहीतर गोठवलेली भिंतच तडकून पाणी आत येतं.

हे सगळं झालं तरी खड्डा कसा खणायचा हे मला कळलं ते लॅबमध्ये नाही. एक घमेलंभर ओली तांबडी माती गोठवली, ढेप बाहेर काढली आणि आमच्या रस्त्यावर दगड घडवणाऱ्या वडार मामांकडे घेऊन गेलो. मी मध्यभागी सुतकी मारली, पांढरा डाग पडला, बाकी काही नाही, मनगट मात्र दुखलं. मामांनी ढेप फिरवली, कडेने चार ठिकाणी टिचक्या मारून कान लावला, कडेपासून चार बोटांवर छिन्नी जरा बाहेरच्या बाजूला कलती धरली आणि एकच ठोका दिला, ताटाएवढी चकती सुटून खाली पडली. म्हणाले, "मधी मारू नगंस बाळा, कड बघ, दगूड कडंनं सुटतोय."

याचं शास्त्र अगदी सरळ आहे. गोठलेली माती दाब भरपूर सोसते, पण ताणाला, म्हणजे ओढीला, कितीतरी कच्ची. मध्यभागी घाव घातला की दाबाची लहर चारी बाजूंच्या मातीत पसरून विरते, सगळीकडून आधार असल्याने माती आणखीच जोर दाखवते. मोकळी कड जवळ असेल तर तीच लहर कडेवर आपटून उलट फिरते आणि फिरताना दाबाचा ताण होतो, आणि ताण आला की माती सुटते. म्हणून भावाला व्हॉइस मेसेज पाठवला तो एवढाच, की पहिल्यांदा मेहनत करून एक छोटी खाच पाडून घ्या, पूर्ण खोल, ती तुमची कड, आणि मग दर घाव त्या खाचेच्या दिशेने, चार बोटं सोडून, पहारीचं टोक धार लावून. सकाळपेक्षा दुपारी उन्हानंतर खणा, वरच्या थराला चार-पाच अंश वर चढलेले पुरतात, फ्रीजरच्या नमुन्यात तो फरक आपण बघितलाच. आठ दिवसांनी त्याचं उत्तर आलं, "खाचेनं काम झालं, हात बरे हाईत."

तुम्ही घरी करणार असाल तर ढेपेवर हे दोन्ही घाव मुद्दाम घालून बघा, आधी मध्ये, मग कडेला, आणि सुटलेल्या चकतीची जाडी मोजून ठेवा. वहीत प्रत्येक नमुन्यापुढे मातीचं नाव, पाणी, डमीचं तापमान, प्लेटवर ठेवल्यापासून घावापर्यंतचे सेकंद आणि घावांची संख्या, हे पाच रकाने असलेच पाहिजेत. काम झालं की वितळलेली काळी माती परत बाकीच्या टेस्टच्या मातीत मिसळू नका, एकदा गोठून गेली की तिची घडण बदललेली असते, कुंडीत टाका किंवा परसात.